क्रेडिट कार्डाच्या बिलात चूक निघाली तर: कोणत्या क्रमाने काय करायचं

बेळगावच्या शहापूरला मी छोट्या दुकानांचे हिशेब लिहिते. महिन्याच्या वीस तारखेच्या मागेपुढे कुणी ना कुणी मोबाईल पुढे धरतंच, "ताई, हे बिल जरा बघा की, ही रक्कम आमची नव्हे." अशी बरीच बिलं आजवर बघितली. ज्यांचे पैसे बुडाले त्यांतल्या कित्येकांची बाजू खरी होती, फक्त क्रम चुकला होता. आधी करायचं ते शेवटी केलं, लेखी द्यायचं ते तोंडी सांगितलं आणि मुदत निघून गेली.

आपल्याकडे सवयच तशी आहे. पतसोसायटीत काही चुकलं की काउंटरवर जाऊन सांगायचं, रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला दारात आला की त्याच्या कानावर घालायचं, दोन दिवसांत काम होतं. कार्डाच्या बाबतीत ही सवय घात करते. कार्डाचा कारभार तुमच्या शाखेतून चालत नाही. शाखेतला माणूस कितीही भला असला तरी बिलातली नोंद फिरवणं बहुतेक वेळा त्याच्या हातात नसतं.

म्हणून खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने घ्या. अपवाद एकच: व्यवहार तुम्ही केलेलाच नसेल आणि फसवणुकीचा संशय असेल, तर बाकी सगळं सोडून आधी पायरी 2 करा.

## 1. वाद कसला आहे ते ठरवा

स्टेटमेंटची पीडीएफ उघडा. ॲपमधल्या यादीवर भागवू नका, व्याज, फी आणि जीएसटी कसा लावला ते पीडीएफमध्ये जास्त स्पष्ट दिसतं. खटकलेल्या ओळीवर खूण करा आणि ती कोणत्या प्रकारात बसते ते बघा.

नाव अनोळखी, खरेदी तुमचीच. माझ्याकडे येणाऱ्यांत हे फार असतं. खडे बाजारातल्या दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि स्वाइप मशीन मालकाच्या मुलाच्या फर्मच्या नावावर. ऑनलाइन खरेदीत तर दुकानाऐवजी मधल्या पेमेंट कंपनीचंच नाव येतं. एका बाईंनी लग्नाच्या बस्त्याची रक्कम फसवणूक म्हणून कळवली, कार्ड ब्लॉक केलं, नवीन कार्ड यायला आठवडा गेला. नंतर साडीच्या पिशवीच्या तळाशी घडी घातलेली चार्जस्लिप (स्वाइप मशीनची पावती) निघाली, तिच्यावर तेच अनोळखी नाव. तेव्हा नाव सोडा, तारीख आणि रक्कम जुळवा. त्या दिवशीचे मेसेज आणि फोनमधले फोटो बघा, घरात ॲड-ऑन कार्ड (तुमच्याच कार्डावर घरच्यांना दिलेलं जादा कार्ड) कुणाकडे असेल तर त्यांना विचारा. बिलातली तारीख खरेदीच्या एक-दोन दिवस पुढची असू शकते.

दुकानदाराच्या बाजूची चूक. एकच रक्कम दोनदा, माल आलाच नाही, परत केलेल्या मालाचे पैसे आले नाहीत, बंद केलेली वर्गणी पुन्हा कापली. गोव्याला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगते: हॉटेलवाले चेक-इनला कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतात. त्याने तुमची मर्यादा कमी दिसते, पण ती बिलात येतेच असं नाही. ती सुटायला काही दिवस लागतात. बिलात खरोखर नोंद झाली तरच वाद घाला.

बँकेने लावलेला आकार. लेट फी, व्याज, वार्षिक फी, न मागितलेला विमा, न विचारता केलेला ईएमआय. इथे रिझर्व्ह बँकेचे कार्डविषयक निर्देश तुमच्या कामाचे आहेत. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं तरच लेट फी लावता येते. न भरलेल्या फी आणि करांवर व्याज चढवता येत नाही. न मागता कार्ड गळ्यात मारून त्याचं बिल लावलं असेल, तर ते आकार मागे घ्यावे लागतात आणि त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून तुम्हाला द्यावी लागते.

पेट्रोल पंपावरच्या सरचार्जवरून (कार्ड वापरल्याच्या जादा आकारावरून) मात्र भांडत बसू नका. सूट असलेल्या कार्डांवर सरचार्ज परत मिळतो, त्यावरचा जीएसटी सहसा मिळत नाही. ती रक्कम किरकोळ असते.

फसवणूक. कार्ड तुमच्या खिशात आणि खरेदी भलत्याच गावची.

> तपासा: तक्रारीत प्रकार एकच लिहा. "फसवणूक झाली, शिवाय दुकानदार माल देत नाही" असं लिहिलं की दोन्ही बाजू लंगड्या होतात. दुकानात स्वतः कार्ड दिलं असेल तर ती फसवणूक म्हणून कळवू नका. चौकशीत चार्जस्लिप निघते आणि तुमचा खरा मुद्दाही फेटाळला जातो.

## 2. फसवणूक असेल तर पहिला तास

(बाकीच्यांनी पायरी 3 वर जावं.)

अ) कार्ड ब्लॉक करा. ॲपमधून करा किंवा कार्डाच्या पाठीमागे छापलेल्या नंबरवर फोन करा. नंबर गुगलवर शोधू नका. खोटे कस्टमर केअर नंबर तिथे पेरून ठेवलेले असतात आणि एकदा लुटलेला माणूस घाबरून तिथेच दुसऱ्यांदा लुटला जातो.

आ) त्याच फोनवर सांगा, "हा व्यवहार मी केलेला नाही, तक्रार नोंदवा." तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. नुसतं कार्ड ब्लॉक झालं म्हणजे तक्रार नोंदली गेली असं समजू नका.

इ) लगेच 1930 वर फोन करा. हा देशभरचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, कर्नाटकातूनही लागतो आणि महाराष्ट्रातूनही. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार भरा. कागद घेऊन जायचं झालं तर बेळगावात सीईएन पोलीस ठाणं आहे, सायबर गुन्हे तिथे बघतात.

रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, माहिती तिसरीकडूनच फुटली असेल, म्हणजे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तर व्यवहाराचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर काहीच बोजा येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर 5 लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या कार्डावर जास्तीत जास्त 10,000 रुपये आणि त्यावरच्या कार्डावर 25,000 रुपये तुमच्या अंगावर येऊ शकतात. सात दिवस उलटले की बँकेच्या धोरणावर अवलंबून. कळवल्यानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा दाखवायची असते आणि 90 दिवसांत निकाल लावायचा असतो. चूक तुमची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असते.

ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून ओटीपी दिला याची लाज वाटून गप्प बसू नका. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी घरच्यांना कळेल म्हणून दोन दिवस काढले आणि त्या दोन दिवसांत आणखी तीन व्यवहार झाले.

> सीमाभागातल्यांनी हे जरूर बघा: आपल्याकडे दोन-दोन सिम असतात. एक इकडचं आणि एक कोल्हापूर, गडहिंग्लज किंवा शिनोळीला नोकरी असताना घेतलेलं. कार्ड त्या काळात काढलेलं असेल तर मेसेज अजून त्याच जुन्या नंबरवर जातात, आणि तो फोन कपाटात. आजच ॲप उघडून नोंदवलेला मोबाईल आणि ईमेल कोणता ते बघा. कामकाजाचे दिवसही तुमच्या मूळ शाखेच्या सुट्ट्यांप्रमाणे मोजतात. शाखा बेळगावला असेल तर 1 नोव्हेंबरची (कर्नाटक राज्योत्सवाची) सुट्टी धरली जाते, कोल्हापूरला असेल तर नाही. खरं तर दिवस मोजायची वेळच येऊ देऊ नका, त्याच रात्री कळवा.

## 3. कागद एका जागी आणा

तक्रार लिहायला बसण्याआधी हे काम पुरं करा. अर्धवट कागदांवर तक्रार केली की बँक आणखी कागद मागते आणि मधले दिवस वाया जातात.

वादाचं स्टेटमेंट आणि त्याच्या आधीचं एक, अशी दोन. चार्जस्लिप किंवा बिल. चार्जस्लिपची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून तिचा फोटो आजच काढा. बँकेचे मेसेज (स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव दोन्ही दिसायला हवं). माल परत केला असेल तर कुरियरची पावती. वर्गणी बंद केली असेल तर रद्द झाल्याचा ईमेल. आणि कार्डासोबत आलेल्या महत्त्वाच्या अटी-शर्तींची प्रत, ती बँकेच्या साइटवर असते. बिलावरचा आक्षेप किती दिवसांत नोंदवायचा ते तिच्यात लिहिलेलं असतं. आपल्या कार्डाची मुदत शोधा आणि कॅलेंडरवर लिहा.

आता एक वही घ्या. तारीख, वेळ, कुणाशी बोललो, काय म्हणाले, तक्रार क्रमांक. माझंच सांगते. गणपत गल्लीतल्या एका दुकानात 7,850 रुपये द्यायचे होते. पहिल्यांदा स्वाइप केलं तेव्हा मशीनवर गोल फिरत राहिलं, स्लिप आली नाही. दुसऱ्यांदा केलं, स्लिप आली, मी घरी आले. बिलात दोन्ही नोंदी. मी तीन वेळा फोन केला. प्रत्येक वेळी "मॅडम, बघतो" म्हणाले, मी विश्वास ठेवला, एकदाही क्रमांक मागितला नाही. पुढच्या बिलात त्या रकमेवर व्याज लागून आलं. मग चिडून पत्र लिहिलं तर उलट विचारणा आली, तुम्ही पहिल्यांदा कोणत्या तारखेला कळवलंत? माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिशेब लिहिणारी बाई, आणि स्वतःच्या तीन फोनांची नोंद नाही. तेव्हापासून वही ठेवते.

> तपासा: बँकेकडे तुमचं नाव आणि पत्ता कसा नोंदलाय? आपल्याकडे आधारवर कानडी वळणाचं स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाचं, आणि 2014 च्या आधीच्या कार्डावर गावाचं जुनं नाव, असा घोळ सर्रास असतो. तक्रारीत नाव अगदी स्टेटमेंटवर आहे तसंच लिहा.

## 4. देय तारखेच्या आत किती भरायचं

लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. रागाच्या भरात अख्खं बिल अडवून धरतात. "आधी माझी रक्कम काढा, मग भरतो." बँकेचा संगणक राग ओळखत नाही. त्याला थकबाकी दिसते आणि तो लेट फी व व्याज लावतो.

समजा बिल 18,640 रुपयांचं आहे आणि त्यातल्या 6,499 रुपयांवर वाद आहे. म्हणजे बिनवादाचे 12,141 रुपये देय तारखेच्या आत भरायचेच, त्याला पर्याय नाही. प्रश्न उरतो तो 6,499 चा.

फसवणुकीचा व्यवहार असेल तर ती रक्कम भरू नका. फसवणूक म्हणून कळवलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत कोणताही आकार लावायचा नाही, असा नियम आहे. तक्रारीत तो मुद्दा लिहा.

दुकानदाराची किंवा फीची चूक असेल तर माझा सल्ला वेगळा आहे. हाताशी पैसे असतील तर पूर्ण बिल भरा आणि त्याच दिवशी बँकेला ईमेल करा, "वादातली रक्कम हक्क राखून भरली आहे, तक्रार कायम आहे." काहींना हे पटत नाही, भरलं म्हणजे मान्य केलं असं त्यांना वाटतं. लेखी हरकत नोंदवलेली असेल तर तसं होत नाही. न भरण्याचा खर्चही बघा: कार्डावरचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. माझ्या 7,850 वर तो महिन्याला साधारण 275 रुपये होतो, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सव्वातीनशेच्या घरात. त्यापेक्षा वाईट म्हणजे बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. मग किराणा घेतला त्या दिवसापासून त्यावर व्याज सुरू.

पैसे नसतील तर बिनवादाची रक्कम भरा. ती किमान देय रकमेपेक्षा कमी भरत असेल तर किमान रक्कम तरी पुरी करा. किमान रक्कम भरल्याने लेट फी टळते, व्याज टळत नाही.

> थांबा: बिलाला ऑटो-पे लावलंय का? लावलं असेल आणि फसवणुकीची रक्कम भरायची नसेल तर ते आधी बदला, नाहीतर ठरवलं एक आणि खात्यातून गेलं भलतंच, असं होतं.

## 5. दुकानदाराला एकदा लेखी विचारा

हे फक्त दुकानदाराच्या चुकीसाठी. फीचा वाद किंवा फसवणूक असेल तर ही पायरी सोडा.

दुकान गावातलं असेल तर जा, चहा घ्या, बोला, पण परत आल्यावर व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका: "आज भेटलो त्याप्रमाणे, अमुक तारखेचे 7,850 रुपये दोनदा आले आहेत, एक नोंद रद्द करून द्यावी." उत्तर आलं तर पुरावा, नाही आलं तरी पुरावा. रोख परत देतो म्हणाले तर शक्यतो घेऊ नका, पैसे कार्डावरच परत करायला सांगा. रोख घेतलेली रक्कम बिलातून निघत नाही, आणि नंतर बँकेकडूनही परत आली तर तुम्हीच खोटे ठरता.

चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वाट बघू नका. "पुढच्या आठवड्यात करतो" याच्यावर दोन महिने काढून मग बँकेकडे गेलेली माणसं मी बघितली आहेत, त्यांची मुदत संपलेली होती.

मशीनवर स्लिप न येता पैसे कापले गेले असतील तर नियम तुमच्या बाजूने आणखी स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई. ती आपण होऊन आली नाही तर मागा. माझ्या त्या पहिल्या स्वाइपला हाच नियम लागू होता, मला तो माहीत नव्हता.

## 6. बँकेकडे लेखी तक्रार

तीन वाटा आहेत: ॲपमधला डिस्प्यूट फॉर्म, ईमेल आणि कागदावरचं पत्र. फॉर्म भराच, कारण त्यातून क्रमांक लगेच मिळतो. पण फॉर्ममध्ये लिहायला जागा थोडी असते, म्हणून सविस्तर ईमेलही करा आणि त्यात फॉर्मचा क्रमांक घाला. रक्कम मोठी असेल तर शाखेत पत्राच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. शाखा पोच देत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा.

भाषेचं बोलते. तुमची तक्रार वाचणारा माणूस दुसऱ्याच राज्यात बसलेला असण्याची शक्यता जास्त, म्हणून पत्र इंग्रजीत गेलेलं बरं. पण आधी मराठीत लिहा. मनातलं आपल्या भाषेत सरळ येतं, मग ते कॉलेजात शिकणाऱ्या मुलाकडून इंग्रजीत करून घ्या. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की मुद्दा राहून जातो आणि "काइंडली" एवढंच उरतं.

मजकूर एवढा पुरे:

*विषय: कार्ड (शेवटचे चार अंक ....), दि. .... च्या स्टेटमेंटमधील रु. 7,850 च्या नोंदीवर हरकत*

*दि. .... रोजी .... या दुकानात मी रु. 7,850 ची एकच खरेदी केली. स्टेटमेंटमध्ये ती दोनदा लागली आहे. पहिल्या प्रयत्नात चार्जस्लिप आली नव्हती. दुसऱ्या व्यवहाराची स्लिप जोडली आहे. दुकानदाराला दि. .... रोजी लेखी कळवलं, उत्तर आलेलं नाही.*

*माझी मागणी: (1) रु. 7,850 ची एक नोंद रद्द करावी. (2) त्यावर लावलेलं व्याज, लेट फी आणि जीएसटी परत करावा. (3) नोंद बरोबर आहे असं बँकेचं म्हणणं असेल तर चार्जस्लिपची प्रत आणि कागदोपत्री पुरावा 30 दिवसांत द्यावा. (4) वाद मिटेपर्यंत ही रक्कम थकबाकी म्हणून क्रेडिट माहिती कंपन्यांना (सिबिल वगैरे) कळवू नये.*

तिसरी मागणी कधीही सोडू नका. बिलावर हरकत घेतली की बँकेने खुलासा आणि गरज असेल तिथे कागदोपत्री पुरावा जास्तीत जास्त 30 दिवसांत द्यावा, असं निर्देशांतच आहे. चौथीलाही त्याच निर्देशांचा आधार आहे. आणि दुसरी मागणी लिहिली नाही तर मूळ रक्कम परत येते, व्याज तिथेच राहतं.

> काय लिहू नका: पूर्ण कार्ड नंबर, सीव्हीव्ही, पिन, ओटीपी. तक्रारीसाठी यांतलं काहीही लागत नाही, आणि जो मागतो तो बँकेचा माणूस नव्हे. फोनवर कुठलंही ॲप किंवा फाइल उतरवून घ्यायला सांगितलं तर फोन ठेवा.

> आणखी एक: "कार्ड बंद करा" ही मागणी याच पत्रात घालू नका. कार्ड बंद करायचं तर सगळी बाकी भरावी लागते, आणि वादातली रक्कमही बाकीत धरली जाते. आधी वाद मिटू दे. मग वेगळा अर्ज करा. बाकी काही नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये तुम्हाला मिळतात.

## 7. मधले तीस दिवस

तक्रार दिली की काम संपलं असं वाटतं, आणि जिंकलेली प्रकरणं इथेच हातची जातात. वडगावच्या एका विणकराचं असंच झालं. महिनाभर तो मला सांगत होता, "फोन करूलोय, करूलोय, कोण दाद देईना." त्याचा ईमेल उघडून बघितला तर बँकेचं पत्र तीन आठवड्यांपूर्वीच येऊन पडलेलं. दुकानदाराने वाद नाकारला होता, आणखी एक कागद मागितला होता, मुदत सात दिवसांची. ती संपून प्रकरण बंद झालेलं. कागद त्याच्या ट्रंकेत होता.

तेव्हा दर दोन दिवसांनी ईमेल बघा, स्पॅममध्येही. ईमेल मुलाच्या फोनवर असेल तर मुलाला सांगून ठेवा. आठवड्यातून एकदा त्याच जुन्या ईमेलला उत्तर म्हणून विचारणा करा. नवीन तक्रार टाकत राहू नका. प्रत्येक नव्या क्रमांकाने घड्याळ नव्याने सुरू झाल्यासारखं होतं आणि पुढे कोणती तारीख धरायची यावरून घोळ होतो.

मध्येच रक्कम जमा दिसली तर आनंद करा, पण खर्चात धरू नका. ती बहुधा तात्पुरती असते. दुकानदाराने पुरावा दिला तर ती पुन्हा तुमच्या बिलात लावली जाते. "हा अंतिम निकाल आहे का?" हे लेखी विचारून घ्या.

वसुलीचे फोन येऊ लागले तर घाबरू नका आणि भांडूही नका. तक्रार क्रमांक सांगा, त्याच दिवशी बँकेला ईमेल करा. वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तसा फोन आला तर वेळेसकट वहीत लिहा.

## 8. बँकेने दाद दिली नाही तर

आधी बँकेतच एक पायरी वर: तक्रार निवारण अधिकारी, मग प्रिन्सिपल नोडल ऑफिसर. त्यांचे पत्ते बँकेच्या साइटवर असतात. मूळ ईमेल पुढे पाठवा, वर तीन ओळी लिहा. तक्रार फेटाळायची तर बऱ्याच बँकांना ती आधी स्वतःच्या अंतर्गत लोकपालापुढे (बँकेनेच नेमलेला, तक्रारी पुन्हा तपासणारा अधिकारी) ठेवावी लागते. उत्तरात तसा उल्लेख आहे का बघा, नसेल तर विचारा.

पहिल्या तक्रारीपासून 30 दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा उत्तर आलं पण पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जा. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरता येते. ऑनलाइन जमत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या चंदीगड (सेक्टर 17, पिन 160017) इथल्या केंद्रावर कागदावर पाठवा. फी नाही, वकील लागत नाही, एजंटला पैसे देऊ नका. काही विचारायचं असेल तर 14448 वर फोन करा. तिथे मराठीतूनही बोलता येतं. कानडी आणि इंग्रजीच्या मध्ये अडकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हा नंबर आवर्जून द्या.

या टप्प्यावर तक्रारी परत येतात त्या तीन चुकांमुळे. बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेलीच नसते. तीस दिवस व्हायच्या आत घाई केलेली असते. किंवा बँकेच्या ईमेलमध्ये लोकपालांना नुसती प्रत पाठवलेली असते. प्रत पाठवणं म्हणजे तक्रार नव्हे. उलट बाजूने, फार रेंगाळूही नका. बँकेचं उत्तर आलं की महिन्याभरात अर्ज टाका.

जोडायचं एवढंच: बँकेला केलेली पहिली तक्रार, तिचा क्रमांक, बँकेचं उत्तर, स्टेटमेंट आणि तुमचा पुरावा. वहीवरून तारखांची यादी एका पानावर लिहा. ते एक पान बाकी सगळ्या कागदांपेक्षा जास्त वाचलं जातं.

ग्राहक आयोग ही वेगळी वाट आहे. लोकपाल आणि आयोग दोन्हीकडे एकाच वेळी जाऊ नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे खानापूर, निपाणी, चिक्कोडीच्या माणसाला बेळगाव आणि चंदगडच्या माणसाला कोल्हापूर. बँकेचं मुख्य कार्यालय मुंबईत असलं तरी तिकडे जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत दोन वर्षांची. लहान रकमेसाठी मी तरी आधी लोकपालच सुचवते. आयोगाबद्दल काही विचारायचं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

## 9. पैसे परत आल्यावर

पुढची दोन स्टेटमेंटं ओळ-ओळ तपासा. मूळ रक्कम आली का, व्याज आलं का, त्या व्याजावरचा जीएसटी आला का, लेट फी आली का. चारही आकडे वहीत मूळ मागणीसमोर लिहा. माझे 7,850 आले तेव्हा व्याज परत आलं होतं, जीएसटी राहिला होता. पन्नासएक रुपयांचा प्रश्न होता, तरी एक ओळीचा ईमेल केला आणि तो पुढच्या बिलात आला.

दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. वादातली रक्कम थकबाकी म्हणून चढली असेल तर रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे आणि बँकेकडे, दोन्हीकडे दुरुस्ती मागा. तक्रार 30 दिवसांत मिटली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. घराचं किंवा ट्रॅक्टरचं कर्ज काढायचं मनात असेल तर हे आधीच करून घ्या. कर्जाचा अर्ज दिल्यावर हे कळलं की सगळं तिथेच अडतं.

निकालाचं पत्र, ईमेल आणि वहीतली ती पानं एका पाकिटात घालून पाकिटावर कार्डाचे शेवटचे चार अंक आणि वर्ष लिहा. वर्षभराने तीच नोंद थकबाकी म्हणून पुन्हा वर आली, असं माझ्याकडे दोनदा झालं आहे. दोन्ही वेळा पाकीट उघडलं, पत्राचा फोटो पाठवला, आणि आठवड्यात ते मिटलं.